चाक जड की हात?

आमच्या घराण्यात तीन पिढ्यांपासून हळदीचा आणि भुसाराचा व्यापार चालत आलेला आहे. त्या घरात पेढी सोडून बँकेची नोकरी पत्करणारा मी पहिलाच. माझे थोरले बंधू थट्टेने म्हणत, "आम्ही पैसा फिरवतो, आणि हा फिरलेल्या पैशाची खतावणी लिहितो." ते आता नाहीत. सांगलीच्या गणपती पेठेतील दुकान त्यांचा मुलगा सांभाळतो. मी निवृत्त होऊन काही वर्षे लोटली. पण खतावणी लिहिण्याची सवय काही सुटलेली नाही. पुढील हकिकत ही त्या सवयीचीच एक नोंद समजावी.

गेल्या दोन वर्षांपासून वहिनींना आठवड्यातून दोन वेळा, मंगळवारी आणि शुक्रवारी, डायलिसिससाठी मिरजेला न्यावे लागते. पुतण्याच्या मागे दुकान, सूनबाईंच्या मागे मुलांच्या शाळा. तेव्हा हे काम मी आपण होऊन अंगावर घेतले. अंतर फार नाही. सकाळी निघायचे, चार तास बाहेरच्या बाकावर वर्तमानपत्र वाचत बसायचे आणि थकलेल्या वहिनींना घेऊन दुपारी परतायचे. ज्या वहिनींनी लग्न होऊन आल्यावर शाळकरी दिराला पहाटे उठवून परीक्षेच्या अभ्यासाला बसवले, त्यांच्यासाठी एवढे करण्यात उपकाराचा प्रश्नच नव्हता. उलट, निवृत्तीनंतर आपण अजून कुणाच्या तरी उपयोगाचे आहोत, हे समाधान त्या फेऱ्यांनी मला दिले. आणि खरे सांगायचे तर, त्याच कारणाने पुढचा सगळा घोळ झाला.

गाडी आमची 2010 सालची, सात आसनांची, डिझेलवर चालणारी. मागच्या पावसाळ्यापासून तिचे स्टेअरिंगचे चाक मला जड वाटू लागले. सरळ रस्त्यावर काही जाणवत नसे; पण अरुंद गल्लीत वळताना किंवा गाडी मागे घेऊन उभी करताना खांद्यापासून जोर लावावा लागे. रात्री दंड दुखत. मी वयाचा हिशेब मांडला. सदुसष्ट वर्षे पूर्ण झाली होती. जिना चढताना धाप लागते, बरणीचे झाकण पूर्वीसारखे सहज उघडत नाही, तेव्हा हेही त्याच खात्यावर नावे टाकायचे, असे मी ठरवून टाकले. गाडीला दोष द्यावा असे मनात आलेच नाही. दोष आपल्या हातांचा आहे, ही खूणगाठ बांधून मी ती गोष्ट सर्वांपासून लपवली. पुण्याचा मुलगा आधीच म्हणत होता, "बाबा, गाडी विका आणि रिक्षाने जात जा." त्याच्या हाती हा पुरावा द्यायचा नव्हता.

लपवलेली गोष्ट व्याजासह बाहेर येते, हे मी पस्तीस वर्षे कर्जखाती पाहून शिकलो होतो. तरीही शिकल्याप्रमाणे वागलो नाही. एका शुक्रवारी रुग्णालयाच्या गल्लीतून बाहेर पडताना चाक वेळेत पुरेसे वळले नाही आणि गाडीचा डावा कोपरा पेरूच्या हातगाडीला घासला. वेग नव्हताच, कुणाला खरचटलेही नाही. पण टोपली उलटली आणि पेरू रस्त्यावर घरंगळले. मी खाली उतरून हात जोडले, पेरू वेचू लागलो, झालेले नुकसान भरून दिले. हातगाडीवाला भला माणूस. तो एवढेच म्हणाला, "काका, जरा जपून. इथं पोरं खेळत असतात."

त्या एका वाक्याने माझी झोप उडाली. वहिनी मागच्या आसनावर डोळे मिटून बसल्या होत्या. त्यांना कळले नसावे, अशी मी स्वतःची समजूत घातली. घरी गेल्यावर त्यांनी कुणाजवळ चकार शब्द काढला नाही. मीही काढला नाही. पुढच्या मंगळवारी गाडीत बसताना मात्र त्यांनी शांतपणे विचारले, "भावजी, चाक जड झालंय का हात?"

मला उत्तर देता आले नाही. तो प्रश्न मी स्वतःला कधी विचारलाच नव्हता, हे त्या क्षणी ध्यानात आले. ज्या खात्याची तपासणी केली नाही, त्याचा निकाल मी परस्पर लावून मोकळा झालो होतो. त्या दिवशी मी गाडीची किल्ली पुन्हा भिंतीवरच्या खुंटीला अडकवली आणि रिक्षा बोलावली. रात्री जेवणाच्या पानावर पुतण्याला सगळे सांगून टाकले, पेरूंसकट.

तो रागावेल असे वाटले होते. तो उठला, किल्ली घेतली आणि गल्लीतल्या गल्लीत गाडी दोनदा पुढेमागे करून परत आला. म्हणाला, "काका, चाक भलतंच जड आहे. मलाच जोर लावावा लागला. तुम्ही इतके दिवस कसं चालवत होता?"

पस्तिशीचा, पोती उचलणारा तो धट्टाकट्टा गडी. त्याचे ते शब्द ऐकून माझा जीव इतका भांड्यात पडला, की क्षणभर बोलवेना. पण एका पावतीवर खाते पूर्ण होत नाही. गाडीत दोष आहे म्हणजे माझ्यात नाही, असे त्यातून सिद्ध होत नव्हते. आधी गाडीचा हिशेब पुरा करावा, मग माझा, असे ठरले. तोवर वहिनींना पुतण्याने न्यायचे.

एका गॅरेजमध्ये दाखवले. तेथे चाक दोन-तीनदा फिरवून पाहून त्यांनी सांगितले, की स्टेअरिंगचा रॅक बदलावा लागेल. खर्च अठ्ठावीस हजारांच्या आसपास. गाडीचे वय पाहता तो अंदाज अगदीच अवास्तव म्हणता येणार नाही. पण बॉनेट उघडून कुणी पाहिले नव्हते, ही गोष्ट मला खटकली. आमच्या शेजारी एस. टी.च्या आगारात सारी हयात मेस्त्री म्हणून काढलेले एक गृहस्थ राहतात. त्यांना संध्याकाळी अंदाजपत्रक दाखवले. ते हसले आणि म्हणाले, "साहेब, तुम्ही बँकेतली माणसं. पासबुक न बघताच खातं बंद करायला निघालात होय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पासबुक उघडले. तपासणीचा त्यांचा क्रम मी येथे मुद्दाम नोंदवतो. कारण स्वस्त गोष्ट आधी आणि महाग गोष्ट शेवटी पाहावी, हे तत्त्व व्यापारी घरांना वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

प्रथम त्यांनी टायरमधील हवा मोजली. पुढच्या दोन्ही चाकांत ती गाडीच्या हस्तपुस्तिकेतील आकड्यापेक्षा सहा-सात पौंडांनी कमी होती. हवा कमी असली, की टायरचा जास्त भाग जमिनीला टेकतो आणि चाक वळवणे जड जाते. हवा भरून आणली. थोडा फरक पडला, पण थोडाच. मग त्यांनी इंजिनाच्या पुढच्या बाजूचा पट्टा बोटाने दाबून पाहिला. त्याला भेगा नव्हत्या आणि ताणही ठीक होता. तिसरी पाळी तेलाची. पॉवर स्टेअरिंगची छोटी टाकी बॉनेटखाली एका कडेला असते. तिचे झाकण काढून त्यांनी आत बोट बुडवले आणि ते माझ्या हातातील वर्तमानपत्राच्या कोऱ्या समासावर टेकवले. काळा डाग उमटला. वास जळकट होता. पातळी तर खालच्या खुणेच्याही खाली.

"हे कधी बदललं होतं?" त्यांनी विचारले.

मी गाडीची वही आणली. इंजिनाचे तेल, गाळण्या, ब्रेकचे पट्टे, बॅटरी, सगळ्यांच्या तारखा आणि किलोमीटर त्यात होते. या तेलाची मात्र एकही नोंद नव्हती. गाडी घेतल्यापासून एक लाख अठरा हजार किलोमीटर तेच तेल. आमच्या हस्तपुस्तिकेत त्याची पातळी तपासावी असे होते. ठराविक काळाने ते बदलावे असे कोठेही लिहिलेले नव्हते. आणि पातळी तपासण्याचे तरी मी कोठे केले होते? बँकेत वर्षानुवर्षे उलाढाल नसलेल्या खात्यांची यादी दरवर्षी निघत असे. माझ्याच गाडीतले असे एक खाते माझ्या नजरेतून सुटले होते.

ही यंत्रणा चालते कशी, हे जाणून घेतल्याशिवाय मला चैन पडेना. ज्याचे काम समजले नाही, त्यावर सही करायची नाही, ही जुनी शिस्त. शेजाऱ्यांनी समजावले आणि मी थोडे वाचले. इंजिनाच्या पट्ट्यावर एक पंप फिरत असतो. तो टाकीतील तेल दाबाखाली पुढे ढकलतो. चाक सरळ असेल तेव्हा ते तेल नुसते फिरून टाकीत परत येते. आपण चाक वळवले, की त्याच्या दांड्याला जोडलेली एक बारीक सळई किंचित पिळते. त्या पिळामुळे झडप उघडते आणि दाबाखालचे तेल रॅकमधील दट्ट्याच्या एका बाजूला जाते. तोच दट्ट्या पुढची चाके वळवण्याचे बहुतेक काम करतो. आपले हात फक्त हुकूम देतात. इंजिन बंद पडले किंवा तेल संपले तरी चाक आणि रस्ता यांचा लोखंडी संबंध तुटत नाही. गाडी वळते, पण सारा भार आपल्या दंडांवर येतो. मी कित्येक महिने तो भार वाहत होतो आणि त्याला म्हातारपण म्हणत होतो.

या यंत्राची कल्पना करणारा फ्रान्सिस डेव्हिस हा अमेरिकन अभियंता. पिअर्स-ॲरो या मोटार कंपनीत अवजड वाहनांचे चाक वळवताना चालकांना होणारा त्रास त्याने पाहिला होता. 1926 मध्ये त्याने आपली रचना गाडीत बसवून दाखवली. तथापि सामान्य गिऱ्हाईकाला विकत मिळणाऱ्या मोटारीत ती येण्यास 1951 साल उजाडले. त्या वर्षी क्रायस्लरच्या इंपीरियल गाडीत ती आली. पंचवीस वर्षे थांबलेल्या त्या माणसाच्या धीराचे मला कौतुक वाटते. अलीकडच्या पुष्कळ गाड्यांत हे काम विजेची मोटर करते. त्यांत ना पंप, ना टाकी, ना तेल. तेव्हा आपल्या गाडीत ही टाकी सापडली नाही तर घाबरून जाऊ नये. आपली गाडी त्या दुसऱ्या जातीची आहे, एवढाच त्याचा अर्थ.

तेल तर बदलायचे, पण कसे? शेजाऱ्यांनी दोन रीती सांगितल्या. एकीत टाकीकडे परत येणारी नळी सोडवून तिचे तोंड बाटलीत धरायचे, गाडीची पुढची चाके जॅकने उचलून पक्क्या घोड्यांवर ठेवायची आणि एकाने चाक फिरवत, दुसऱ्याने नवे तेल ओतत जुने बाहेर काढायचे. काम तासाभरात आटोपते. पण गाडी उचलण्याचा भाग आमच्यासारख्यांनी हौसेने करण्याजोगा नाही. दुसरी रीत सावकाशीची. मोठ्या सिरिंजने टाकीतले तेल शोषून घ्यायचे, तितकेच नवे भरायचे, काही दिवस गाडी चालवून ते जुन्यात मिसळू द्यायचे आणि पुन्हा तेच करायचे. यात एकही नट सैल करावा लागत नाही. मी अर्थातच ही दुसरी रीत पसंत केली. तिचे गणित तर मला फारच आवडले.

संपूर्ण यंत्रणेत सुमारे एक लिटर तेल मावते आणि टाकीतून एका वेळी साधारण 300 मिलिलिटर निघते, असे आमच्या गाडीपुरते धरले. म्हणजे दर खेपेस तीस टक्के जुने तेल कमी होणार आणि पुढच्या खेपेस उरलेल्याच्या तीस टक्के. आपल्या ताळेबंदातील घटत्या मूल्याचा घसारा तो हाच! भाड्याने चालणाऱ्या वाहनांवर आयकरात जो तीस टक्क्यांचा दर लावतात, तोच नेमका येथे उतरला. पहिल्या खेपेनंतर जुने तेल 70 टक्के उरते. दुसऱ्यानंतर 49, तिसऱ्यानंतर 34, चौथ्यानंतर 24, पाचव्यानंतर 17 आणि सहाव्यानंतर 12 टक्क्यांच्या आत. घसाऱ्याप्रमाणे हेही कधी शून्यावर येत नाही. पण सहा रविवारांत अठ्ठ्याऐंशी टक्के नवे तेल ही वसुली मला समाधानकारक वाटली.

तेल कोणते घ्यावे हे हस्तपुस्तिकेत पाहावे. दुकानदाराच्या तोंडी शब्दावर जाऊ नये. आमच्या गाडीला डेक्स्रॉन दोन किंवा तीन या प्रतीचे, स्वयंचलित गिअरपेटीत वापरतात ते तांबडे तेल चालते. काही गाड्यांना दुसऱ्या प्रकारचेच तेल लागते आणि ते एकमेकांत मिसळून चालत नाही. पुतण्याने घाईत पहिल्या दिवशी जी बाटली आणली, तिच्यावर 'डॉट 3' अशी अक्षरे होती. शेजाऱ्यांनी ती माझ्या हातून जवळजवळ हिसकावूनच घेतली. ते ब्रेकचे तेल होते. ते या यंत्रणेत गेले असते तर रबरी वॉशर फुगून आणि मऊ होऊन निकामी झाले असते आणि अठ्ठावीस हजारांचा खर्च खरोखरच गळ्यात पडला असता. बाटलीवरील अक्षरे वाचणे हे धनादेशावरील सही पडताळण्याइतकेच महत्त्वाचे आहे.

पहिला रविवार मला अजून आठवतो. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, चाकांमागे विटा, इंजिन बंद आणि पूर्ण थंड. हातात रबरी मोजे. झाकणाभोवतीची धूळ आधी फडक्याने पुसून घेतली. कारण धुळीचा एक कण आत पडला तरी तो पंपात जाणार. औषधाच्या दुकानातून आणलेल्या मोठ्या सिरिंजला पातळ नळी लावून मी तेल ओढू लागलो. रंग कडक काढलेल्या कॉफीसारखा. टाकीच्या तळाशी जाळी होती आणि तिच्यावर चिकट साका बसलेला. सुती कापडाचा धागाही आत राहणार नाही, अशा बेताने तो टिपून घेतला. मग नवे तेल थंड इंजिनाच्या खुणेपर्यंत भरले. माणकासारखे लाल, स्वच्छ तेल त्या काळ्या भांड्यात पडताना पाहून मला उगाचच बरे वाटले.

नंतर इंजिन सुरू करून चाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश पाच-सहा वेळा फिरवले. टोकाला नेऊन ते धरून मात्र ठेवायचे नाही, असे शेजाऱ्यांनी बजावले होते. तेथे दाब सर्वाधिक होतो, तेल तापते आणि पंप कण्हतो. फिरवून झाल्यावर टाकीत पाहिले. फेस नव्हता. पातळी किंचित उतरली होती ती पुन्हा खुणेला आणली. शेजाऱ्यांनी तेवढ्यात विजेरी घेऊन नळ्या पाहिल्या. परतीच्या नळीच्या क्लिपपाशी ओल होती. पातळी कमी का झाली त्याचे उत्तर तेथे मिळाले. त्यांनी क्लिप बदलली. आणि मला सांगून ठेवले, की यापुढेही पातळी खाली जात राहिली, तर नवे तेल ओतत बसू नका, गळती शोधा. फुटक्या मडक्यात पाणी भरणे हा उपाय नव्हे.

असे सहा रविवार गेले. दर खेपेस काढलेल्या तेलाचा एक थेंब मी वहीच्या पानावर टेकवून खाली तारीख लिहीत गेलो. पहिला ठिपका काळा, दुसरा तपकिरी, चौथा विटकरी, सहावा जवळजवळ लाल. बँकेत असताना एवढा सरळ सुधारणारा आलेख कर्जदारांनी मला क्वचितच दाखवला! एकूण खर्च असा: दोन लिटर तेलाचे 840 रुपये, सिरिंज आणि नळी 110, मोजे, फडकी आणि क्लिप 90, बेरीज 1,040. शेजाऱ्यांनी पैसे घेतले नाहीत. प्रत्येक रविवारी आमच्या घरच्या नाश्त्याला यायचे मात्र त्यांनी मान्य केले.

काढलेले पावणेदोन लिटर तेल रिकाम्या बाटल्यांत साठत होते. पहिल्याच दिवशी पुतण्याच्या धाकट्या मुलाने सहज विचारले, "आजोबा, हे गटारात ओतू का?" आमच्या शहराचे सांडपाणी शेरीनाल्याने कृष्णेत जाते, हे सांगलीकरांना सांगायला नको. वापरलेले तेल हा घातक कचरा आहे आणि त्याच्या व्यवस्थेसाठी 2016 चे केंद्रीय नियम आहेत. पण नियम नसते तरी काय? ज्या घरात पाणी गाळून प्यायची शिकवण मला मिळाली, त्या घराच्या दारातून असे तेल नदीतल्या जीवांवर सोडायचे कसे? त्याला मी तसेच सांगितले. त्याला ते पटले असावे; कारण सहाव्या रविवारी बाटल्यांची झाकणे घट्ट आहेत ना, हे त्यानेच तपासले. जुने तेल साठवून पुनर्वापरासाठी देणाऱ्या एका गॅरेजकडे आम्ही दोघांनी त्या नेऊन दिल्या.

चौथ्या रविवारनंतरच चाक उघडपणे हलके झाले होते. सहाव्यानंतर पुतण्याने गल्लीत पुन्हा गाडी पुढेमागे केली आणि एका हाताने चाक फिरवून दाखवले. मग मी बसलो. ज्या वळणावर खांदा भरून येई, तेथे चाक बोटांच्या इशाऱ्याने वळले. माझे हात ठीक होते. त्यांच्यावर मी उगाचच आळ घेतला होता.

येथे ही हकिकत संपली असती तर वाचायला गोड वाटली असती. पण दुसऱ्या खात्याची तपासणी अजून बाकी होती, आणि ती करायची हे मी कबूल केले होते. एका संध्याकाळी पुतण्याला शेजारी बसवून मी विश्रामबागेपर्यंत गाडी नेली. अंधार पडला. समोरून येणाऱ्या दिव्यांभोवती मला झगझगीत वलये दिसत होती, आणि एक सायकलस्वार पुतण्याने सांगेपर्यंत दिसलाच नाही. गाडी मी बाजूला घेतली. त्याला म्हटले, "आता तू चालव." हे चाकाच्या तेलाने सुधारणारे नव्हते.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असल्याचे सांगितले. उजवा अधिक पिकलेला. म्हणजे म्हातारपण आले होते. फक्त मी ते चुकीच्या जागी शोधत होतो. दंडांवर संशय घेत राहिलो आणि डोळ्यांकडे पाहिलेच नाही. चाकाचा दोष सापडल्याच्या आनंदात पुढची तपासणी टाळली असती, तर त्या गल्लीतल्या खेळणाऱ्या पोरांचे पुढे काय झाले असते, हा विचार मला आजही अस्वस्थ करतो. उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया दिवाळीनंतर झाली, डाव्याची संक्रांतीनंतर. डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत मी गाडीला हात लावला नाही. आता दिवसाच चालवतो. सूर्यास्तानंतर किल्ली खुंटीवर. हा नियम मी स्वतःच वहीत लिहून खाली सही केली आहे, आणि मुलालाही तसे कळवले आहे. त्याने गाडी विकण्याचा विषय पुन्हा काढलेला नाही.

आपल्या घरांत पेढीचा हिशेब दिवाळीला होतो, दुकानातील मालाची मोजदाद होते, येणे-देणे तपासले जाते. मात्र घरातील वडीलधाऱ्यांना काय जड जाऊ लागले आहे, याची मोजदाद कोणत्याच वहीत नसते. वडीलधारी सांगत नाहीत. कारण सांगितले तर हातचे काम जाईल, अशी धास्ती असते. तरुण विचारत नाहीत. कारण विचारणे त्यांना अमर्यादा वाटते. माझ्या बाबतीत वहिनींनी विचारले म्हणून निभावले. आणि विचारले तेही किती न्यायाने! हात थकले असतील हे त्यांनी गृहीत धरले नाही, आणि चाकच बिघडले असेल अशी खोटी समजूतही घातली नाही. दोन्ही शक्यता समोर ठेवल्या आणि त्या थांबल्या.

गेल्या मंगळवारी मी त्यांना घेऊन मिरजेहून परतत होतो. त्याच गल्लीच्या तोंडाशी पेरूची हातगाडी उभी होती. गाडी सावकाश वळवून कडेला घेतली आणि एक किलो पेरू घेतले. हातगाडीवाल्याने मला ओळखले. तो हसला आणि वजन करून झाल्यावर एक पेरू वर टाकला. वहिनींना पेरू चालत नाहीत, डॉक्टरांची मनाई आहे. ते घरच्या मुलांसाठी. त्यांनी पिशवी मांडीवर घेतली, काच खाली केली आणि बाहेर बघत म्हणाल्या, "हलकं झालं हो, भावजी."

चाकाविषयी म्हणाल्या की आणखी कशाविषयी, हे मी विचारले नाही.